ओहोटीच्या पाण्यावर सुकाणू: मॉर्टलेक ते पटनी शर्यत कशी चालवावी

लंडनमध्ये थेम्स नदीवर मॉर्टलेकपासून पटनीपर्यंत होणारी लांब पल्ल्याची वल्हवण्याची शर्यत सुमारे ६.८ किलोमीटरची असून ती ओहोटीबरोबर, म्हणजे ओघाच्या दिशेने होते. स्टीव्ह फेअरबेर्न यांच्या कल्पनेतून १९२६ साली सुरू झालेल्या ‘हेड ऑफ द रिव्हर’ शर्यतीत आठ वल्ह्यांच्या होड्या एकामागून एक सुटतात आणि निकाल घड्याळावर लागतो. म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या बरोबरीने राहण्यापेक्षा योग्य पाण्यात राहणे इथे महत्त्वाचे ठरते आणि ते काम पूर्णपणे कॉक्सचे, म्हणजे होडीत बसून सुकाणू धरणाऱ्याचे असते. वल्हेकऱ्यांचा सराव आणि होडीची जुळणी झालेली आहे असे मी धरून चालते.

आयोजकांच्या सूचनापत्रातून थांबण्याची जागा, पुलांच्या कमानी आणि ओलांडण्याचे नियम पाठ करावेत. भरतीचे वेळापत्रक पाहावे: अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असले की ओहोटी जोरात ओढते, भांगाच्या दिवसांत ती मंद असते, आणि वरच्या भागात भरपूर पाऊस झाला असेल तर त्या पाण्याची तिला भर पडते. सुटण्यापूर्वी बराच वेळ पाण्यावर थांबावे लागते, तेव्हा गरम कपडे हवेतच.

याहून मोलाची तयारी मात्र बहुतेक जण करत नाहीत. शर्यतीच्या आधी एखाद्या दिवशी, पाणी सर्वांत खाली गेलेले असताना, सरीच्या म्हणजे दक्षिणेच्या काठावरील पायवाटेने संपूर्ण मार्ग चालून किंवा सायकलने पाहावा. भरतीच्या वेळी काठापासून काठापर्यंत सारखीच दिसणारी नदी आता आपला तळ दाखवते. कुठे खडी उघडी पडली आहे, कुठला उथळ पट्टा पात्रात किती आत आला आहे आणि खोल पाणी कोणत्या बाजूने जाते, हे एकदा डोळ्यांत बसले की नकाशाची फारशी गरज उरत नाही.

आता खरी अवघड गोष्ट, म्हणजे वळणे. नव्या कॉक्सला हमखास मिळणारा सल्ला असा की वळणाच्या आतल्या काठाला चिकटून जा, अंतर वाचते. स्थिर पाण्यावर हे बरोबर आहे. ओहोटीच्या नदीवर हा सल्ला घातक आहे आणि तो देणाऱ्याने बहुधा स्वतः सुकाणू धरलेले नसते. नदी वळते तिथे जोराचा प्रवाह साधारणपणे बाहेरच्या बाजूने, खोल पाण्यातून जातो, तर आत गाळ साठून पाणी उथळ आणि संथ होते. आत शिरलेली होडी थोडे अंतर वाचवते, पण फुकट मिळणारा वेग घालवून बसते. शिवाय उथळ पाण्यात ती जड वाटू लागते आणि वल्हेकऱ्यांना त्याचे कारणही कळत नाही.

हा मोह सर्वांत जास्त होतो तो बार्न्सचा रेल्वे पूल ओलांडल्यावर. पुढे चिझिकच्या बेटापासून हॅमरस्मिथच्या पुलाकडे नदी लांबलचक उजवीकडे वळते, आतला काठ सरीचा असतो आणि तो जणू बोलावत असतो. हे वळण सरळसोट वाटत असतानाही प्रवाहावर टिकून राहणे मला फार काळ जमत नव्हते, कारण नजर काठावर असते. नजर पाण्यावर ठेवावी. ओघाने वाहणारा फेस आणि काटक्या एका पट्ट्यात गोळा होतात. तो पट्टा प्रवाहाची वाट दाखवतो. नांगरलेल्या बोयांकडेही पाहावे: ज्याच्या वरच्या अंगाला पाणी फुगून चढते आणि खालच्या अंगाला लांब शेपूट निघते, त्याच्याजवळ ओढ जास्त आहे, जो बोया नुसता उभा आहे, तिथे जाऊ नये.

प्रवाहात राहायचे म्हणजे बाहेरच्या काठाला खेटायचे, असाही अर्थ कोणी घेऊ नये. वळणावर ओघ होडीला बाहेर ढकलत राहतो, म्हणून वळायला वाटते त्यापेक्षा आधी सुरुवात करावी आणि होडीचे टोक किंचित आत रोखलेले ठेवावे. इथे सुकाणू एकदम पूर्ण ओढणे ही मला सर्वांत न खपणारी सवय आहे. कललेले सुकाणू ब्रेकसारखे काम करते. वल्ही पाण्यात असताना, होडी स्थिर असते तेव्हा, थोडेसे वळवावे आणि होडीने ऐकेपर्यंत धीर धरावा, कारण इतकी लांब होडी उशिरा ऐकते. टोक हव्या त्या दिशेला पोहोचण्याआधीच सुकाणू सरळ करावे. या लांब वळणावर कॉक्सच्या डाव्या हाताच्या चार वल्हेकऱ्यांकडून काही फटके जास्त जोर मागितला, तर सुकाणू जवळजवळ लागतच नाही. मात्र हे आधी सरावात ठरवून ठेवावे.

हॅमरस्मिथनंतरचे वळण डावीकडे आहे. नियम तोच, बाजू उलटी.

प्रवाह सोडायला मी एकच सबब मानते, ती वाऱ्याची. वारा ओहोटीच्या उलट असला की ओघ जोराचा तिथेच लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि होडीत पाणी येऊ लागते. अशा वेळी आडोशाच्या काठाकडे सरकण्याचा निर्णय लवकर घ्यावा, अर्धवट घेऊ नये. पुलाच्या खांबांमागे पाणी भोवऱ्यासारखे फिरते, तेव्हा कमानीचा मध्य बऱ्याच आधीपासून धरावा. कमानीखाली दिशा दुरुस्त करायला वेळ नसतो.

मागून वेगवान होडी आली तर हळू होडीने वाट द्यायची असते. ती देताना रडतखडत देऊ नये. एकाच बाजूला, स्पष्ट दिसेल असे सरकावे आणि ती होडी पुढे गेल्याबरोबर प्रवाहात परतावे. आपण ओलांडणारे असू तर पुढच्या कॉक्सला कोणत्या बाजूने येत आहोत हे मोठ्याने सांगावे, वळण सुरू होण्याआधीच.

पटनीला शेवटची रेषा ओलांडल्यावर होडी तिथेच थांबवू नये. मागच्या होड्या पूर्ण वेगाने येत असतात आणि ओहोटीही सर्वांना खाली ओढत असते. म्हणून अधिकारी दाखवतील त्या जागेपर्यंत वल्हवत राहावे आणि वळताना टोक आधी वरच्या दिशेला, प्रवाहाच्या तोंडावर आणावे.