घरातली वीज वाचवताना या चुका टाळा

वीजबचत मनावर घेतली की बहुतेकजण आधी खरेदीला लागतात. नवा एसी घेतात, नवा फ्रीज घेतात, छतावर सोलार बसवतात. वीज नेमकी कुठे जाते हे न पाहता केलेला खर्च म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आधी मोजा, मग पैसे काढा.

मीटरकडे न बघणं

इलेक्ट्रॉनिक मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा असतो. तो किती वेळा लुकलुकला की एक युनिट होतं, हा आकडा मीटरवर छापलेला असतो, समजा, 3200. रात्री दिवे-पंखे बंद करा आणि फ्रीजची पिन काढा. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, चार्जर मात्र रोज ठेवता तसेच राहू द्या. आता दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. 36,00,000 ला (मीटरवरचा आकडा × सेकंद) या गुणाकाराने भागलं की वॅट मिळतात. 3200 च्या मीटरवर साडेबावीस सेकंद लागले, तर 50 वॅट कुणी न वापरता चालले आहेत. चोवीस तासांचे 1.2 युनिट, वर्षाचे 438! मग मेन बोर्डावरचे एमसीबी, म्हणजे प्रत्येक लाइनचे खटके, एकेक करून खाली करत जा. ज्यामुळे लुकलुकणं मंदावेल, चोर त्याच लाइनवर आहे. बहुधा सेट-टॉप बॉक्स किंवा म्युझिक सिस्टीम सापडते. बटणाचं एक्स्टेन्शन बोर्ड लावलं की काम झालं.

हे मोजून झाल्यावर फ्रीजची पिन परत लावायला विसरू नका.

फ्रीज बदलण्याची घाई

फ्रीज सारखा चालू राहतो म्हणून तो मोडीत काढण्याआधी दाराचं रबर तपासा. कागदाची पट्टी दारात अडकवून दार लावा आणि पट्टी ओढा. ती अडखळत यायला हवी. सहज निसटली तर तिथून गार हवा बाहेर जाते. चारही बाजूंना असंच बघा. रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसा. चिकटलेला मळ निघाला की ते पुष्कळदा पुन्हा नीट बसतं. चिरलं असेल तर फक्त रबर बदला. मागची जाळी उघडी असेल, तर पिन काढून तिच्यावरची धूळ ब्रशने झाडा आणि फ्रीज भिंतीपासून थोडा पुढे ओढा. आत 4 अंश आणि फ्रीजरमध्ये उणे 18 अंश पुरतात. नवा फ्रीज घेतलाच, तर जुना ‘असू दे’ म्हणून गॅलरीत चालू ठेवू नका. सगळी बचत तिथेच बुडते.

एसी 18 वर लावणं

साध्या, बिन-इन्व्हर्टर एसीत आकडा खाली नेल्याने खोली लवकर गार होत नाही. कॉम्प्रेसर त्याच जोराने चालतो, फक्त थांबत नाही. 26 वर ठेवून पंखा लावा. मात्र खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करा, कारण पंखा खोली गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो. फिल्टर तुंबला तर कुठलाही आकडा उपयोगाचा नाही. आतल्या जाड पडद्यावर फार विसंबू नका. ऊन काचेतून आत आलं की उष्णताही आत आलीच. ते काचेबाहेरच अडवायला हवं, चिक किंवा छज्जा लावून.

फटी बुजवताना हवाच बंद करणं

जळती उदबत्ती दाराखिडक्यांच्या कडेने फिरवा. धूर जिथे वाकतो तिथे फट आहे. तिथे फोमची पट्टी लावा. पण गॅसची शेगडी किंवा गॅस गीझर असलेल्या खोलीची झरोके-जाळी कधीही बुजवू नका. तिथे कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. इथे बचतीचा विचारच नको. भिंतींवर बुरशी दिसू लागली, तरी हवा खेळत नाही असं समजा.

गीझर नको तितका कमी करणं

टाकीच्या गीझरचा थर्मोस्टॅट 40-45 वर आणला की वीज वाचते हे खरं, पण कोमट साचलेल्या पाण्यात न्यूमोनिया करणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात. 60 वर ठेवा, अंघोळीच्या आधी चालू करा, नंतर बंद. इतक्या गरम पाण्याने भाजतं, म्हणून बादलीत आधी गार पाणी घ्या.

सावलीत सोलार

एका सरळ मालिकेत जोडलेल्या पॅनेलांपैकी एकावर जरी टाकीची सावली पडली, तरी बाकीच्यांचं उत्पादन उतरू शकतं. पॅनेल बसवण्याआधी सकाळी 9, दुपारी 12 आणि 3 वाजता छतावरच्या सावल्या खडूने आखून ठेवा. हिवाळ्यात त्या जास्त लांबतात, तेवढी जागा सोडा.