ट्रक घ्यायचा तर उतार बघून घ्या

शोरूममधला पोरगा तुम्हाला गाडीची चढायची ताकद सांगेल. इतकी हॉर्सपॉवर, इतका टॉर्क. ऐकून घ्या, चहा प्या. मी लांज्याचा, चिरा म्हणजे जांभा दगड, सिमेंट, साखर सगळं वाहतो, आणि माझं म्हणणं वेगळं आहे. जयगड बंदराचा माल घाट चढून वर जातो हे खरं. पण आपल्या दुकानातली साखर, कांदा, भाजी हे सगळं आंबा घाट, करूळ घाट नाहीतर कुंभार्ली घाट उतरूनच येतं. म्हणजे कोकणातली बरीच भाडी उताराची. चढाला इंजिन कमी पडलं तर गाडी रांगेल, मागचे हॉर्न मारतील. उताराला कमी पडलं तर काय होतं ते सांगायला नको.

तेव्हा पहिला प्रश्न एक्झॉस्ट ब्रेकचा. धुराच्या पाइपात झडप मिटते, धूर कोंडतो आणि इंजिनच गाडीला धरून ठेवतं. पण हे खालच्या गियरात, इंजिन जोरात फिरत असतानाच. वरच्या गियरात तो नुसता घुमतो. वेगळा इंजिन ब्रेक मिळत असेल तर म्युझिक सिस्टीमचे पैसे वाचवा आणि तिथे घाला. ट्रायल रिकाम्या गाडीची घेऊच नका. लोड भरून आंबा घाटात न्या, ज्या गियरात चढली असती त्याच गियरात उतरवा आणि पाय ब्रेकवरून काढा. गाडी स्वतःला धरते की पळायला लागते, ते दोन वळणांत कळतं. घाटाखाली साखरप्यात थांबलात की खाली उतरून चाकांजवळ वास घ्या. ब्रेकचं लायनर जळल्याचा वास आला तर घाट इंजिनाने नाही, ब्रेकने उतरवला. ब्रेक हवेवर चालतो, म्हणून मग चार-पाचदा ब्रेक दाबून हवेच्या दाबाचा काटा बघा. पडला तर पडू दे, वर यायला किती वेळ घेतो ते महत्त्वाचं.

पासिंग, म्हणजे मालासकट मंजूर वजन, गाडीच्या नावातच असतं. दहाचाकी २८१८ म्हणजे भरून एकूण २८ टन आणि १८० हॉर्सपॉवर. बाराचाकी ३५१८ म्हणजे ३५ टन, आणि हॉर्सपॉवर तीच! बाराचाकीत भाडं जास्त मिळतं म्हणून मालक खूश होतो, पण तेवढ्याच ताकदीचं इंजिन सात टन जास्त ओढतं आणि उताराला सात टन जास्त अडवतं. २०१८ ला सरकारने एक्सलवरचं वजन वाढवून दिलं, दहाचाकीची मर्यादा २५ वरून साडेअठ्ठावीस टनांवर गेली. गाडीच्या पासिंगच्या वर टाकू नका. आता ओव्हरलोडला २० हजार दंड आणि वर दर टनाला दोन हजार, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा.

चिरेखाणीचं काम असेल तर लांबलचक गाडी नको. खाणीची वाट अरुंद, वळण आखूड, आणि एक पाऊस पडला की तांबडी माती साबण होते. साधी दहाचाकी तिथे रुतते, कारण इंजिनाचा जोर मागच्या एकाच एक्सलवर आणि बाजूचा डमी एक्सल नुसता वजन घेऊन बसतो. डबल हाउसिंग घ्या, म्हणजे मागच्या दोन्ही एक्सलना जोर मिळतो. डिझेल जास्त खाते, खाऊ दे.

एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांना धूर साफ करायला वेगळ्या टाकीत युरिया लागतो हे सगळ्यांना माहीत आहे. धुरातली काजळी धरणाऱ्या फिल्टरचं मात्र कोणी सांगत नाही. खाणीवरून गावात, गावातून खाणीवर, एवढंच फिरलात तर इंजिन पुरतं तापत नाही, फिल्टरमधली काजळी जळत नाही आणि डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा पेटतो. अधूनमधून हायवेचं भाडं घ्या. वर्कशॉप किती लांब आहे तेही आधी विचारा.

एसी केबिन १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या गाड्यांना सक्तीची आहे. ही काही चैन नाही. आषाढात काच आतून धुरकटते, तेव्हा फडकं मारत घाट उतरायचा का?

जुनी घेणार असाल तर आधी विचारा, मासळी वाहिली आहे का. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून गळून चेसीवर बसतं आणि वरून रंग मारला की दिसत नाही. हातोडी घेऊन आडव्या पट्ट्यांवर ठोका. खणखणीत वाजली तर ठीक, भदभद आवाज आला तर पापुद्रे सुटलेत. केबिनमधली मॅट उचलून खाली गंज बघा. मागच्या दिव्यांचे सॉकेट उघडा. पिनांवर हिरवी पूड दिसली तर वायरिंग नवीन घालावं लागेल, ते पैसे किमतीतून कापून घ्या.