कोविडच्या रुग्णाचा आजार कोणत्या टप्प्यावर आहे, हे घरी कसे ओळखावे

घरात कोणी कोविडने आजारी पडले, तर सर्वांत आधी एका वहीत पहिल्या लक्षणाची तारीख लिहून ठेवावी. तपासणी पॉझिटिव्ह आल्याची तारीख येथे उपयोगाची नाही. घसा खवखवू लागला, अंग मोडून आले किंवा ताप चढला तो दिवस पहिला धरावा. विषाणूची नाका-घशातली वाढ साधारणपणे लक्षणे सुरू होण्याच्या सुमारास शिगेला पोहोचते आणि पुढच्या आठवड्यात ओसरू लागते, मात्र ज्यांचा आजार बळावतो त्यांना धाप बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान लागते. विषाणू कमी होत असताना रुग्ण खालावतो, याचे कारण त्या वेळी फुप्फुसांची हानी मोठ्या प्रमाणावर शरीराच्या स्वतःच्या दाहामुळे, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या अतिरेकी प्रतिक्रियेमुळे, होत असते.

विषाणू शिरलेल्या पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिने सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. हा इशारा वेळेवर गेला, तर बहुतेकांचा आजार सर्दी-तापावर निभावतो. कोविडचा विषाणू नेमका हाच इशारा दाबून ठेवतो. त्यातच काही जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे असतात. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात जिवावर बेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे 10 टक्क्यांमध्ये ती आढळली आणि त्यांत पुरुषांची संख्या फार मोठी होती. सुरुवात अशी ढिली पडली की विषाणू फुप्फुसात खोलवर पोहोचतो, पांढऱ्या पेशी उशिरा पण मोठ्या संख्येने तेथे धाव घेतात, केशवाहिन्या पाझरू लागतात आणि वायुकोशांत द्रव साचून ऑक्सिजन रक्तात मिसळेनासा होतो. म्हणूनच ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ ही काढ्यांच्या पाकिटांवरची घोषणा मला अर्धवट वाटते, कारण प्रतिकार किती आहे याच्याइतकेच तो केव्हा जागा होतो यालाही महत्त्व आहे.

ऑक्सिजनची ही घट घरी टिपण्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे पल्स ऑक्सिमीटर, बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण टक्क्यांत दाखवणारे छोटे यंत्र. रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवावे, बोटाला नेलपॉलिश नसावी, हात गार असल्यास चोळून ऊब आणावी आणि आकडा स्थिर झाल्यावरच लिहावा. सावळ्या त्वचेवर हे यंत्र प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकते, त्यामुळे काठावरच्या आकड्यावर विसंबू नये. बसल्या जागी आकडा चांगला असेल आणि धाप नसेल, तर सोबत कोणीतरी राहून सहा मिनिटे घरातच चालवावे व पुन्हा मोजावे. चालल्यावर तीन-चार अंकांची घसरण झाली, तर फुप्फुसात काहीतरी सुरू झाले आहे असे समजून डॉक्टरांना कळवावे. बसलेल्या स्थितीत आकडा 94 च्या खाली गेला, श्वास मिनिटाला 24 किंवा त्याहून जास्त झाले, किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागला, तर चालवून पाहत न बसता रुग्णालय गाठावे.

रक्ताचे रिपोर्ट एकटे वाचू नयेत, आधीच्या रिपोर्टशेजारी ठेवून वाचावेत. सीबीसीमध्ये (रक्तपेशींच्या मोजणीत) लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या एका प्रकाराची टक्केवारी दिलेली असते, पण उपयोगी पडते ती प्रत्यक्ष संख्या: एका मायक्रोलिटर रक्तात एकूण पांढऱ्या पेशी 5,000 आणि लिम्फोसाइट 12 टक्के असतील, तर संख्या 600 होते, आणि प्रौढांत ती 1,000 च्या खाली असणे हे काळजीचे लक्षण आहे. सीआरपी हे रक्तातले प्रथिन दाहाचा मापक असून तो वाचताना आधी एकक पाहावे, कारण काही प्रयोगशाळा तो लिटरमागे मिलिग्रॅममध्ये, तर काही डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये देतात. आज 8 आणि काल 60 असे दिसल्यावर घरचे सुटकेचा श्वास सोडतात, पण प्रयोगशाळा बदललेली असेल तर तो 8 म्हणजे 80 असू शकतो. फेरिटिन, डी-डायमर आणि आयएल-6 या रक्तचाचण्यांचा अर्थ डॉक्टरांनाच लावू द्यावा; सौम्य आजारात त्या चाचण्यांवर पैसे घालवण्याची गरज नसते.

दाहच हानी करतो, तर दाह दाबणारे स्टेरॉइड पहिल्याच दिवशी का देऊ नये, असा प्रश्न साहजिकच पडतो. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या औषधांच्या मोठ्या चाचणीने 2020 मध्ये त्याचे उत्तर दिले. रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिल्याने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने घटले, मात्र ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काहीच फायदा झाला नाही, उलट अपाय होण्याची शक्यता दिसली. पहिल्या आठवड्यात विषाणूशी झुंजणाऱ्या पेशींनाच हे औषध दडपते. 2021 च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे (‘काळ्या बुरशी’चे) जे रुग्ण आढळले, त्यांच्यात मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर या दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. तेव्हा जुन्या चिठ्ठीवरून किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून हे औषध आणू नये. डॉक्टरांनी ते सुरू केलेच, तर तो दिवस वहीत लिहावा व साखर नियमित तपासावी. त्यानंतरच्या सीबीसीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या आणि लिम्फोसाइट घटलेले दिसतात, तो परिणाम औषधाचाही असू शकतो.

लस घेतलेल्या किंवा आधी कोविड होऊन गेलेल्या व्यक्तीत विषाणूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी लवकर कामाला लागतात, त्यामुळे दाहाचा दुसरा टप्पा पुष्कळदा येतच नाही. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले, केमोथेरपी घेणारे किंवा संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे रुग्ण यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या शरीरात विषाणू कित्येक आठवडे टिकू शकतो आणि दिवसांचा वरील हिशेब त्यांना लागू पडेलच असे नाही. त्यांनी लक्षणे दिसताच आपल्या नेहमीच्या तज्ज्ञांना फोन करावा, विषाणूरोधक औषध पहिल्या पाच दिवसांत सुरू करता येईल का ते विचारावे, आणि चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.