झिगबी बल्ब सारखे ‘अनअव्हेलेबल’: माझा अनुभव

रास्पबेरी पाय ४ या छोट्या कंप्युटरवर होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर), झिगबी डोंगल (झिगबी या वायरलेस पद्धतीने बल्बशी बोलणारी यूएसबी काडी) आणि शेजारीच यूएसबी ३.० ची एसएसडी (स्टोरेज ड्राइव्ह). हॉलमधले बल्ब चालायचे, बेडरूममधले मध्येच गायब. नवा बल्ब तर पेअरच होईना. बल्ब रीसेट केले, डोंगलचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) बदललं, फरक शून्य. जाम वैताग आला होता.

खरं कारण: यूएसबी ३.० मुळे २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यात गोंगाट होतो आणि झिगबी तिथेच चालतं.

आधी पाय शटडाउन केला. डोंगल निळ्या, म्हणजे ३.० पोर्टमधून काढून काळ्या, म्हणजे २.० पोर्टमध्ये लावला. तोही थेट नाही, मध्ये दीड मीटरची यूएसबी २.० एक्स्टेन्शन केबल घातली. डोंगल एसएसडी आणि राउटरपासून लांब ठेवला. मग पाय सुरू केला. होम असिस्टंटमध्ये डोंगलच्या पोर्टचा पत्ता ‘बाय-आयडी’ (म्हणजे डोंगलच्या स्वतःच्या ओळखीवरून) असेल तर सेटिंगला हात लावायला नको. शेवटी बल्ब बटणावरून बंद-चालू केले, आपोआप परत आले. नवाही लगेच जोडला गेला.