जुनी स्की बोट घेताय? आधी इंजिनाचे बोल्ट फिरवून बघा

आमची पहिली बोट मी फोटो बघून पसंत केली होती. ती चूक तीन उन्हाळे पुरली. काळी-लाल, चकचकीत, वर टॉवर, टॉवरवर स्पीकर, मागे ऐसपैस बाक. नवरा खूश, मुलं खूश. पहिल्याच दिवशी बोटीमागे दोर धरून पाण्यावर एका स्कीवर उभी राहिले, वेक ओलांडायला गेले आणि दातावर दात आपटले. वेक म्हणजे बोटीच्या मागे दोन्ही बाजूंना उठणारी लाट. गतिरोधकावर स्कूटर जोरात घातली की जे होतं, तेच दर दहा सेकंदांनी होत होतं. ती बोट वेकबोर्डसाठी, म्हणजे एका रुंद फळीवर उभं राहून लाटेवरून उड्या मारायच्या खेळासाठी बनवलेली होती. इंजिन पार मागे, तळाशी पाणी भरून वजन वाढवायच्या टाक्या, सगळा खटाटोप लाट मोठी उठावी म्हणून. मी करते ते स्लॅलम, म्हणजे एका स्कीवर बोयांना (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या गोळ्यांना) वळसे घालत जाणं. त्याला याच्या बरोब्बर उलटं हवं असतं, आणि हे मला बोट विकणाऱ्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नव्हतं म्हणा.

ज्यांनी स्लॅलमचा कोर्स पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्ग २५९ मीटरचा. मधून बोट सरळ रेषेत जाते. सहा बोया एक उजवीकडे, एक डावीकडे असे मांडलेले असतात, मधल्या रेषेपासून ११.५ मीटरवर, आणि स्की करणाऱ्याने प्रत्येकाला बाहेरून वळसा घालायचा. दोर १८.२५ मीटरपासून सुरू होतो आणि स्पर्धेत तो टप्प्याटप्प्याने आखूड करत ९.७५ मीटरपर्यंत नेतात. म्हणजे शेवटी दोर बोयापर्यंत पोचतच नाही, उरलेलं अंतर अंग झोकून, हात लांबवून काढायचं. दर दोन बोयांच्या मध्ये एकदा वेक ओलांडायची आणि त्याच क्षणी दोरावर सगळ्यात जास्त ताण असतो. म्हणून वेक चपटी हवी, आणि कोणी असं बाजूला खेचत असताना बोट रेषेवरून ढळता कामा नये.

आता घरच्या बोटीची मेख. जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘ताशी ५५ किलोमीटरला वेक जवळजवळ नाहीच’. खरं असतं ते. पुरुषांच्या स्पर्धेत कमाल वेग ५८, बायकांच्या ५५, आणि त्या वेगाला चांगली बोट पाण्याच्या अगदी वरवर पळते. पण आमच्या घरात ५५ ने जाणारी मी एकटी. नवरा ४५ ला, लांब दोरावर. धाकटी तेव्हा ३८ लाही कुरकुरायची. वेग कमी झाला की बोटीचा मागचा भाग पाण्यात बसतो आणि त्याच बोटीची, त्याच दोरावरची लाट उंच आणि कडक होते. त्यामुळे नवशिक्याला सगळ्यात वाईट वेक मिळते आणि घरातल्या पटाईत माणसाला त्याचा पत्ताही नसतो. बोट बघायला जाल तेव्हा घरात जो सगळ्यात हळू जातो त्याच्या वेगाला, त्याच्या दोराच्या लांबीला वेक तपासा. तीही सगळं कुटुंब बोटीत बसवून. विकणारा एकटा बोट चालवून दाखवतो आणि टाकीत दहा लिटर पेट्रोल असतं. शंभर लिटर पेट्रोलचं वजन साधारण पंच्याहत्तर किलो, म्हणजे एक अख्खा माणूस. तो मागच्या टाकीत जाऊन बसल्यावर लाट वेगळी दिसते.

रचनेबद्दल माझं मत ठाम आहे: डायरेक्ट ड्राइव्ह घ्या. यात इंजिन बोटीच्या मधोमध असतं आणि पंखा फिरवणारा दांडा, शाफ्ट, तिथून सरळ मागे, तळातून खाली पाण्यात उतरतो. वजन मध्यावर, म्हणून वेक कमी. बोट ढकलणारा हा पंखा बोटीच्या तळाखाली, सुकाणूच्या पुढे असतो, मागे उघडा लटकत नाही. घरात मुलं असतील तर हे एकच कारण पुरे. व्ही-ड्राइव्हमध्ये इंजिन मागे आणि उलट्या तोंडाने बसवलेलं असतं. जागा भरपूर मिळते, पण वजन चुकीच्या टोकाला. बोटीमागे बाहेर पंखा असलेली स्टर्नड्राइव्ह फिरायला छान, स्लॅलमला मी घेणार नाही.

डायरेक्ट ड्राइव्हची किंमत म्हणजे बोटीच्या मधला तो इंजिनाचा खोका. सासूबाई त्याला ‘देव्हारा’ म्हणतात, कारण सगळ्यांना त्याला प्रदक्षिणा घालूनच पुढेमागे जावं लागतं. घरच्या माणसांसाठी पुढचा भाग उघडा, तिथेही बसायला जागा असलेली बोट बघा. या प्रकारात नाव घेण्यासारख्या जुन्या बोटी बऱ्याच आहेत. स्की नॉटिक हे नाव १९६१ पासूनचं, मास्टरक्राफ्ट १९६८ चं, मलिबू १९८२ चं. तिघांनीही स्पर्धेच्या बोटींची उघड्या नाकाची भावंडं काढली: स्पोर्ट नॉटिक, प्रोस्टार २०५, रिस्पॉन्स एलएक्स. यांतली कुठली सरस यावर लोक भांडतात. माझ्या मते नीट सांभाळलेली कुठलीही एक, हेळसांड झालेल्या बाकी दोघींपेक्षा बरी.

आता शीर्षकातल्या बोल्टांकडे येते, कारण माझे पैसे त्यांनीच वाचवले.

दुसऱ्या वेळी आम्ही एक पांढरी-निळी बोट जवळजवळ घेतलीच होती. गादीवर एक सुरकुती नाही, गेलकोट, म्हणजे बाहेरचा चकचकीत थर, आरशासारखा. बोटीच्या तळातून लांबीने तुळया जातात, त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. इंजिन त्यांच्यावरच बसवलेलं असतं. जुन्या बोटींत हे स्ट्रिंगर लाकडाचे, वरून फायबरग्लासचं आवरण. आवरणाला कुठे भोक पडलं, एखादा स्क्रू नीट बुजवला नाही, की पाणी आत जातं आणि लाकूड आतल्या आत कुजतं. बाहेरून काहीच दिसत नाही. १९९० च्या दशकात बऱ्याच कंपन्यांनी लाकूड सोडलं, पण त्याआधीची बोट असेल तर हे तपासल्याशिवाय पुढे बोलूच नका.

मी मालकाला विचारून इंजिनाच्या पायाच्या एका बोल्टला पाना लावला. घट्ट करायच्या दिशेने, हलक्या हाताने. चांगल्या लाकडात बोल्ट पाव फेऱ्यातच अडतो आणि पान्यावर हात थांबतो. हा अर्धा फेरा फिरला, एक फिरला, दोन फिरले. आटे गेलेलं बरणीचं झाकण फिरतं तसा फिरतच राहिला. मग मी उलटा फिरवला आणि बोल्ट बोटांनी उपसून हातात आला. आट्यांमध्ये ओल्या चहाच्या चोथ्यासारखं काळपट काहीतरी भरलेलं होतं. वास पावसाळ्यातल्या बंद खोलीसारखा. मालकाचा चेहरा बघून वाटलं, त्यालाही माहीत नव्हतं. स्ट्रिंगर बदलायचे म्हणजे इंजिन बाहेर, फरशी बाहेर, आणि जुन्या बोटीच्या किमतीत ते बसत नाही. आम्ही नमस्कार करून निघालो.

पाना लावू देत नसतील तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने स्ट्रिंगर ठोकत जा. भरीव टणटण आवाज हवा. मध्येच थपथप ऐकू आलं की तिथे थांबा. फरशी पायाखाली दबते का तेही अनवाणी चालून बघा, बुटांनी कळत नाही.

इंजिन गार असताना बघायचं. आदल्या दिवशीच सांगून ठेवा, ‘आम्ही येईपर्यंत चालू करू नका’, आणि पोचल्यावर आधी इंजिनावर हात ठेवा. कोमट लागलं तर काहीतरी लपवलंय असं मी धरते. तेलाची कांडी काढा: तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. गिअरबॉक्सची कांडी वेगळी असते आणि ती तपासायचं लोक विसरतात. तिथलं तेल बहुतेक बोटींत लालसर, पारदर्शक असतं. गढूळ गुलाबी झालं असेल किंवा करपल्याचा वास येत असेल तर किंमत पाडा, नाहीतर सोडून द्या. आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मेकॅनिककडून मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा आठही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत ना, हे महत्त्वाचं; दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कारण विचारा. थंडीत पाणी गोठतं अशा ठिकाणची बोट असेल तर इंजिनाच्या ब्लॉकच्या कुशी टॉर्च मारून बघा. हिवाळ्याआधी आतलं पाणी काढलं नाही तर त्याचा बर्फ होऊन ओतीव लोखंड तडकतं, आणि त्या चिरेवर कोणीतरी लांबी भरून रंग मारलेला असतो. खाऱ्या पाण्यात वापरलेली बोट मी बघायलाही जात नाही. यातली बरीच इंजिनं बाहेरचंच पाणी आत फिरवून थंड होतात, म्हणजे मीठ थेट पोटात.

एक सावधगिरी. बोट ट्रेलरवर असताना पाण्याची नळी जोडल्याशिवाय इंजिन चालू करू देऊ नका. थंड पाणी ओढणारा रबरी इम्पेलर कोरडा फिरला की बघता बघता जळतो.

इंजिन एकूण किती तास चाललंय याचा लोक फार बाऊ करतात. आमच्या आत्ताच्या बोटीचे घेताना साडेनऊशे झाले होते. मालकाकडे वही होती, प्रत्येक तेलबदल, प्रत्येक इम्पेलर तारखेसकट लिहिलेला. त्याच आठवड्यात दोनशे तासांची एक पाहिली होती, सहा वर्षं ताडपत्रीखाली पडून. मी वहीवाली घेतली.

खाली वाका आणि पंख्याच्या पात्यांच्या कडेवरून नख फिरवा. छोटी खोचसुद्धा नखाला लागते आणि वेगात थरथर देते. शाफ्ट ज्या कंसातून जातो तिथे तो धरून हलवा. किंचित हलणं चालतं, खडखडणं नाही. आणि तळाला मध्यावर लावलेल्या पातळ धातूच्या पट्ट्या, फिन, मोजा. ट्रेलरवर चढवताना किंवा खडकाला लागून एखादी वाकलेली किंवा तुटलेली असते. बोट रेषेत ठेवण्याचं काम त्यांचं, आणि स्लॅलममध्ये तेच तर हवंय.

पाण्यावर गेल्यावर दोराच्या टोकाला माणूस पाहिजे. नुसत्या चकरा मारून काही कळत नाही. मी स्की करते तेव्हा नवरा चालवतो, आणि त्याला मी दोनच प्रश्न विचारते: मी खेचल्यावर मागचा भाग सरकला का, आणि सुकाणूच्या चाकाशी झगडावं लागलं का. मग आम्ही अदलाबदल करतो. दोर ज्या खांबाला बांधतात तो पायलॉन आधीच हाताने हलवून बघा. त्याच्या बुडाशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा असतील तर खालचं बांधकाम ढिलं झालंय.

वेग स्थिर ठेवणारी यंत्रणा असेल तर ती चालते का ते घड्याळ लावून बघा. अगदी ५५ च्या वेगाला २५९ मीटरचा कोर्स १६.९५ सेकंदांत पार होतो. जुन्या बोटींचे वेगाचे काटे बेधडक खोटं बोलतात, सेकंद बोलत नाहीत. जुन्या, केबलच्या थ्रॉटलच्या इंजिनावर परफेक्टपास नावाची यंत्रणा नंतर बसवता येते. झिरो ऑफ या दुसऱ्या यंत्रणेसाठी मात्र इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचं इंजिन लागतं, त्यामुळे ‘नंतर लावून घ्या’ असं कोणी म्हणालं तर आधी थ्रॉटल कुठलं ते विचारा. यंत्रणा नसेल तरी बोट वाईट ठरत नाही, फक्त चालवणाऱ्याचा हात तयार हवा. आमच्याकडे पहिलं वर्ष तसंच गेलं आणि संसार टिकला.

ट्रेलर विसरू नका. टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे वाचा: २३१६ म्हणजे २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी कोरी करकरीत असली तरी जुनं रबर रस्त्यात फुटतं. कागदपत्रांवरचा नंबर आणि बोटीच्या मागच्या फळीवर उजवीकडे कोरलेला नंबर एकच आहे ना, ते जुळवा. त्याचे शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात. बोटीवर कुणाचं कर्ज बाकी नाही याची खात्री करा. गाद्यांच्या शिवणी नखाने ओढून बघा, उन्हाने दोरा सडलेला असतो. गाद्या नव्या करणं वाटतं त्याहून फार महाग पडतं.

बोट घरी आली की पहिल्या आठवड्यात इम्पेलर, तेल, गिअरबॉक्सचं तेल, सगळं नवं घाला, मालक कितीही ‘आत्ताच बदललंय’ म्हणो. सुरू करण्याआधी बिल्जचा, म्हणजे बोटीच्या तळातल्या पोकळीतली हवा बाहेर फेकणारा पंखा चार मिनिटं चालवून पेट्रोलची वाफ बाहेर काढायची, आणि इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कोणीही बसायचं नाही. एक्झॉस्टचा कार्बन मोनॉक्साइड तिथेच साचतो आणि त्याला वास नसतो.

आणि तळाचा ड्रेन प्लग, म्हणजे आतलं पाणी काढायच्या भोकाचं बूच. आम्ही नवी बोट पहिल्यांदा पाण्यात ढकलली तेव्हा तो माझ्या पर्समध्ये होता. सासूबाई मागे तोंड करून निरीक्षकाच्या जागेवर बसलेल्या. ‘अगं, माझे पाय ओले होतायत,’ असं त्या दोनदा म्हणाल्या, आणि आम्हाला वाटलं तुषार उडतायत. तेव्हापासून बोट बाहेर काढली की तो प्लग किल्लीच्या जुडग्यातच अडकवतो. प्लग बसवल्याशिवाय किल्ली मोकळी होत नाही.