ठेका बदलताना साठलेल्या रजेचे पैसे कसे काढायचे

‘ठेक्यावरच्या माणसाला कसली पगारी रजा?’ असं कारखान्यात सर्रास ऐकवलं जातं. ते खोटं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार कॅलेंडर वर्षात १८० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक पगारी रजा मिळते. त्याआधीच्या वर्षांना कारखाने अधिनियमातली २४० दिवसांची अट धरा. काम सुटलं की उरलेल्या रजेचे पैसे दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवेत.

आधी हजेरी गोळा करा. मस्टर, म्हणजे हजेरीपट, ठेकेदाराकडे असतं आणि तो ते दाखवत नाही. पण ईएसआयच्या (कामगार विमा योजनेच्या) पोर्टलवर तुमच्या खात्यात महिन्यागणिक पगारी दिवस आणि पगार दिसतो. तो आकडा ठेकेदारानेच भरलेला, त्यामुळे नंतर नाकारणं त्याला जड जातं. त्यात पगारी सुट्ट्याही धरलेल्या असू शकतात, त्या वजा करा. कोणत्या महिन्यात कोणता ठेकेदार होता हे पीएफच्या पासबुकवरून कळतं. गेटपास परत करण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा.

हिशेब असा: समजा वर्षात २५२ दिवस भरले, तर २५२ भागिले २० म्हणजे १२.६. अर्धा किंवा जास्त अपूर्णांक पूर्ण दिवस धरतात, म्हणून १३. दोन रजा घेतल्या असतील तर उरल्या ११. रोज ६२० रुपये असेल तर ६,८२० रुपये. पगाराच्या स्लिपवर दरमहा ‘लीव्ह वेजेस’चा, म्हणजे रजेच्या पैशांचा, रकाना आहे का, तेही पाहा. ती रक्कम खरोखर बँकेत आली असेल तर दावा उरत नाही. स्लिपवर आहे पण बँकेत नाही, असं असेल तर दोन्ही कागद जोडा. त्याहून चांगला पुरावा नाही.

मग पत्र. ठेकेदाराच्या नावे लिहा, पण प्रत मूळ कंपनीच्या एचआरला द्याच. ठेकेदाराने पैसे दिले नाहीत तर ते देण्याची जबाबदारी कंपनीवर येते, आणि कंपनी ते त्याच्या बिलातून कापू शकते. म्हणून त्याचं शेवटचं बिल निघण्याआधी पत्र पोहोचलं पाहिजे. एकदा बिल निघालं की एचआरचा उत्साह मावळतो. पत्रात यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक), कामाच्या तारखा, भरलेले दिवस, घेतलेली रजा, दर आणि एकूण रक्कम लिहा. पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा.

सगळ्यात जास्त माणसं फसतात ती फुल अँड फायनलच्या, म्हणजे काम सुटतानाच्या शेवटच्या हिशेबाच्या, कागदावर. कोऱ्या व्हाउचरवर सही करू नका. करावीच लागली तर सहीच्या वर ‘रजेचे पैसे मिळालेले नाहीत’ असं लिहून फोटो घ्या. अकरा महिन्यांनी ‘ब्रेक’ देऊन नव्या ठेकेदाराचं कार्ड हातात पडतं, तेव्हाही जुन्या ठेकेदाराचा हिशेब त्याच आठवड्यात मागा.

उत्तर आलं नाही तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्तालयात वेतन संहितेखालचा दावा कोणत्या अधिकाऱ्याकडे चालतो ते विचारून अर्ज द्या. मुदत तीन वर्षांची आहे. अनेक कामगारांचा मिळून एकच अर्ज चालतो. विरुद्ध पक्षात ठेकेदार आणि कंपनी दोघंही घाला. पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. दहापट नुकसानभरपाईची तरतूद आहे, पण ती कमाल मर्यादा. त्या आशेवर राहू नका. सुनावणीच्या आदल्या दिवशी ठेकेदार रोख देऊ करतो. रक्कम बँकेत दिसेपर्यंत अर्ज मागे घेऊ नका.