स्कीइंगचे मोजे: जाडी नव्हे, माप बघा

स्कीचे बूट घातल्यावर पाय गारठले की पहिला विचार येतो तो जाड मोज्यांचा, नाहीतर एकावर एक दोन जोड चढवण्याचा. आणि त्यानेच पाय आणखी गार पडतात. स्की बुटाचं बाहेरचं कवच कडक प्लास्टिकचं असतं, ते सैल होत नाही. आतली जागा ठरलेली. तिथे जाड मोजा कोंबला की दाब सगळा पायावर येतो, रक्त बोटांपर्यंत नीट पोचत नाही आणि बोटं बधिर होतात. शिवाय लोकरीची ऊब असते ती धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे; लोकर दाबली गेली की ती हवाच निघून जाते.

थंडी अडवायचं काम बुटातल्या लायनरचं, म्हणजे आतल्या मऊ अस्तराचं. मोज्याने घाम टिपायचा, चुणी न पडता पायाला चिकटून बसायचं आणि नडगीवर येणारा दाब थोडा पसरवायचा. एवढं ध्यानात ठेवलं की दुकानातल्या निम्म्या जोड्या आपोआप बाद होतात.

बूट स्वतःचे असतील आणि पायाला नीट बसवून घेतलेले असतील, तर पातळ मोजेच घ्या. भाड्याच्या बुटांचं लायनर बऱ्याच पायांनी दबून सैल झालेलं असतं, तिथे मध्यम जाडीचा, नडगीवर आणि टाचेला हलकी गादी असलेला मोजा बरा पडतो. मात्र टाच बुटात वर-खाली होत असेल तर तो दोष बुटाच्या मापाचा आहे. मोजे जाड करून तो झाकू नका, लहान माप मागा. स्नोबोर्डचे बूट मऊ असतात, त्यात मध्यम जाडी सहसा चालून जाते.

सुती मोजे घेऊच नका. सूत घाम शोषतं आणि धरून ठेवतं; ओला मोजा ऊब खेचून घेतो आणि ओल्या त्वचेला फोड लवकर येतात. मेरिनो जातीच्या मेंढीची मऊ लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण 30 टक्के ओल पोटात घेऊनही हाताला कोरडी लागते आणि तिला वासही उशिरा येतो. पण निव्वळ लोकरीचा मोजा टाचेला लवकर झिजतो आणि ढिला पडतो. म्हणून लेबल उलटून वाचा: मेरिनोबरोबर टिकाऊपणासाठी नायलॉन आणि ताणासाठी थोडं इलॅस्टेन हवं. लोकर टोचत असेल तर पूर्ण कृत्रिम धाग्याचे मोजे घ्या. ते वाळतात लवकर, वास मात्र धरतात.

मोज्याची उंची गुडघ्याखालपर्यंत हवी. वरची पट्टी बुटाच्या काठाच्या बरीच वर यायला पाहिजे, कारण ती बुटात अडकली तर तिथेच नडगीवर वळ उठतो. पट्टी रुंद आणि मऊ असावी; पोटरीत रुतणारी पट्टी रक्तप्रवाह अडवते. थर्मलची विजार मोज्यात किंवा बुटात खोचू नका. तीन-चतुर्थांश लांबीची घ्या, किंवा बुटाच्या काठाच्या वर दुमडा. नडगी दुखते म्हणून बुटाला दोष देणाऱ्यांनी आधी हे तपासावं.

मापात तडजोड नको. दोन मापांच्या मधे पाय येत असेल तर लहान माप घ्या. मोठ्या मोज्याची जादा लांबी बोटांखाली गोळा होते. मुलांसाठीही हाच नियम, वाढत्या अंगाचे मोजे इथे चालत नाहीत. डावा-उजवा वेगळा विणलेला जोड मिळाला तर उत्तम. मोजा उलटा करून बोटांवरच्या शिवणीवरून अंगठा फिरवा. उंचवटा बोटाला जाणवला तर बुटात तो दहापट जाणवेल.

आता बुटासकट परीक्षा. नखं कापलेली आणि पाय कोरडे हवेत. मोजा चढवून टाचेचा खिसा बरोबर टाचेवर आणा. तो घोट्याकडे सरकला तर माप मोठं आहे. तळव्यावरून आणि पोटरीवरून हात फिरवून प्रत्येक चुणी काढा. बुटात पाय घालून टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटा, म्हणजे पाय मागे बसतो. मग बकल लावा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवून नडगी पुढे रेलली की बोटं किंचित मागे सरली पाहिजेत. असं 15-20 मिनिटं घालून राहा. बोटांना मुंग्या आल्या तर आधी पावलावरची बकल एक खाच सैल करा. तरीही मुंग्या राहिल्या तर मोजा पातळ घ्या. शेवटी मोजा काढून त्वचा बघा: विणीची फिकट नक्षी ठीक, पण एकाच जागी खोल लाल रेघ म्हणजे तिथे चुणी किंवा शिवण आहे.

बूट विकत घेताना हेच मोजे सोबत न्या. घरातल्या जाड मोज्यांवर बसवलेला बूट पातळ मोज्यावर सैल होतो.

बॅटरीवर तापणारे मोजे ज्यांची बोटं खरोखरच लवकर गार पडतात त्यांच्या कामाचे. बॅटरी वरच्या पट्टीत असते, ती बुटाच्या काठाखाली जाणार नाही ना, एवढं पाहा.

बर्फावर जाताना मोजे बूट घालायच्या क्षणी बदला. प्रवासात किंवा न्याहारीला घातलेले मोजे आधीच घामेजलेले असतात. रोज धुतलेला जोड हवा, म्हणून दोन-तीन जोड ठेवा. धुताना उलटे करा, पाणी 30 अंशांपर्यंत, आणि फॅब्रिक सॉफ्टनर टाळा. त्याचा थर धाग्यांवर बसला की घाम टिपला जात नाही. हीटरवर वाळवले तर इलॅस्टेन मरतं आणि लोकर आटते. अधूनमधून टाच उजेडासमोर धरा. आरपार दिसायला लागली की तो जोड स्कीइंगमधून निवृत्त, घरात घालायला हरकत नाही.